ओंगण, एरंडेल आणि वीस-पन्नास

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा तेलकट आहे. घरच्या मंडळींना यातला अर्धा किस्सा माहीत आहे, उरलेला अर्धा माहीत व्हावा म्हणून हा प्रपंच.

तर झालं असं की, चारेक वर्षांपूर्वी नागपूरच्या भाच्यानं एक जुनी पण अंगात जोर असलेली टर्बोवाली पेट्रोल गाडी घेतली. (कंपनीचं नाव घेत नाही, बिचारीचा यात काही दोष नाही.) मे महिन्यात उमरेड-भिसीच्या रस्त्यानं ती घेऊन तो चिमूरला आला. सोबत तेलाचा डबा होता, त्यावर 5डब्ल्यू-40 लिहिलेलं. मी दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले आणि म्हटलं, "हे पाण्यासारखं तेल आपल्या उन्हात टिकणार का? 20डब्ल्यू-50 टाक." आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो. पोरगं गुणी, मामा म्हणतात म्हणून टाकलं. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात काय लिहिलंय हे तेव्हा दोघांनीही उघडून पाहिलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात टर्बो गेला. बिल त्यानं मला सांगितलंच नाही, बहिणीकडून कळलं. त्या तेलानंच गेला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, गाडी जुनीच होती. पण माझ्या डोक्यातून जाईना. माझा एवढा आत्मविश्वास आला कुठून, ते शोधायला लागलो आणि भलतीकडेच जाऊन पोचलो.

थोडा माग वडिलांपर्यंत लागला. बाबा एका लाकूड ठेकेदाराची जीप चालवायचे. त्यांच्या काळी तेलाला एकच नंबर असे. एरवी चाळीस, उन्हाळ्यात पन्नास. हे नंबर अमेरिकेतल्या एसएई या मोटार इंजिनीअरांच्या संस्थेचे. संस्था 1905 ची, तेलाची पहिली वर्गवारी 1911 ची. नंबर दाटपणाचा, पुस्तकी मराठीत ज्याला श्यानता म्हणतात त्याचा. (हा शब्द मी आजवर कुठल्याही गॅरेजात ऐकलेला नाही.) तेल तापलं की पातळ होतं, गार झालं की दाटतं. त्यामुळे थंडीचं तेल वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. बाबांचं काहीच चुकत नव्हतं.

पण सगळी तेलं सारखी पातळ होत नाहीत. 1929 मध्ये डीन आणि डेव्हिस या दोघांनी यासाठी एक मोजपट्टी काढली. पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलापासून बनलेलं वंगण तापूनही फारसं बदलत नसे, त्याला 100 गुण. मेक्सिकोच्या आखाताकाठचं तेल फार बदले, त्याला शून्य. पुढे 1950 च्या दशकात तेलात लांबलचक रेणूंची पॉलिमरं घालायला लागले. गार असताना ती गुंडाळून बसतात, तापली की पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. तिथून दोन आकड्यांचं तेल आलं. 20डब्ल्यू-50 हे त्यातलंच.

आता या डब्ल्यूची गंमत. डब्ल्यू म्हणजे विंटर. गार इंजिन फिरवताना तेल किती अडवतं याची 20डब्ल्यूची चाचणी उणे 15 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. दोन्ही आकडे चिमूरच्या सात पिढ्यांनी पाहिलेले नाहीत, मग आपल्याला काय करायचंय त्यांच्याशी? मीही असंच म्हणालो होतो. पण फरक उणे पंधरालाच थांबत नाही. 40 अंशांना, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारीसुद्धा, साधारण 20डब्ल्यू-50 हे 5डब्ल्यू-40 च्या जवळजवळ दुप्पट दाट असतं. जानेवारीतल्या पहाटे तर विचारूच नका. आणि दुसरा आकडा मोजतात तो 100 अंशांना. 40 नंबरचं तेल तिथे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक, 50 नंबरचं 16.3 ते 21.9. शंभरच का? तर चालत्या इंजिनात तेल साधारण तेवढंच तापतं. बाहेर 47 असो की 17, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी 90 च्या आसपासच ठेवतो. माझ्या उन्हाचा तेलाला तितकासा पत्ताच नव्हता!

मग दाट तेल हवं तरी कुठे? याचं उत्तर मोटारींच्याही आधीचं आहे. 1883 च्या सुमारास इंग्लंडात बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्यानं तेल सोडायला एक भोक पाडलं, तर आस फिरू लागल्यावर तेल आत जायच्याऐवजी त्यातून वरच यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. आस तेलावर नुसता टेकलेला नव्हता, तरंगत होता, आणि फिरता फिरता स्वतःच तेलाचा दाब तयार करत होता. त्याचं गणित 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं मांडलं. 1902 मध्ये जर्मनीच्या रिचर्ड स्ट्रिबेकनं मोजून दाखवलं की दाटपणा, वेग आणि भार या तिघांचा मेळ बसला तर घर्षण सगळ्यांत कमी. भार जास्त आणि वेग कमी, तर दाट. वेग जास्त, तर पातळ चालतं, किंबहुना पातळच बरं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बुशमध्ये असाच तेलावर तरंगत असतो. पहाटे गाडी सुरू केल्यावर त्या चिंचोळ्या नळीतून माझं वीस-पन्नास त्याच्यापर्यंत जरा उशिरानंच पोचत असणार.

जोरदार गाडीला नेहमी पातळच हवं, असं मात्र नाही. बीएमडब्ल्यूनं 2000 च्या दशकातल्या एम-3 ला 10डब्ल्यू-60 सांगितलं होतं, वीस-पन्नासपेक्षाही दाट. जिथे तेल 130 अंशांपर्यंत तापतं आणि बेअरिंगवर जबर भार येतो, तिथे ते लागतं. प्रत्येक इंजिनाच्या फटी वेगळ्या, पंप वेगळा, हिशेब वेगळा.

आता एरंडेल. शर्यतीच्या इंजिनांचं पहिलं लाडकं तेल हेच. एरंडेल गरम धातूला धरून राहतं, पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं त्यावरच चालत, आणि उडालेलं तेल पोटात जाऊन वैमानिकांचं जे व्हायचं ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं आधीच सांगितलं असतं. चार्ल्स वेकफिल्डनं 1909 मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं ते कॅस्टर, म्हणजे एरंडेलावरूनच.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होतो. ती म्हणाली, "एरंडीचंच तं ओंगण करत तुझे आबाजी." बंडीच्या आसाला लावायचं ओंगण म्हणजे एरंडीचं तेल, त्यात जाळलेल्या तणसाची राख आणि चिंध्या. ते बंडीखाली बांबूच्या नळ्यात टांगलेलं असे, एवढं मलाही आठवत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

आबाजींना शंकरपटाचा नाद होता. (बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात त्या महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाल्या. आबाजी त्याच्या कितीतरी आधीच गेले.) आई म्हणाली, पटाच्या आदल्या रात्री ते छकड्याची चाकं काढत, तुंब्यातलं जुनं ओंगण चिंधीनं पार पुसून घेत आणि नुसतं एरंडेल लावत. राख नाही, चिंधी नाही. धानाची पोती भरलेल्या बंडीला मात्र दाटच.

"मंग पातळ का लावत?" मी विचारलं.

"आता छकडा पळवायचा हाय का पोती वाह्याची हायेत?" आई म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. स्ट्रिबेकला ज्यासाठी यंत्रं लागली ते आमच्या गोठ्यात होतं, आणि मी बाबांचा पन्नास नंबर धरून बसलो होतो.

हे सगळं भाच्याला सांगितलं, बिलाचंही विचारलं. बिलाचा आकडा त्यानं अजून सांगितलेला नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मामा, तेल बदललं गाडीचं. पुस्तकात पाहून टाकलं. तुम्हाला विचारलं नाही."

म्हटलं, बरं केलंस.