मिडीद्वारे गिटारच्या आवाजाचे व गेनचे नियंत्रण

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लहानमोठा करणे आणि तिच्या डिस्टॉर्शनचे प्रमाण ठरवणारा गेन बदलणे, ही दोन्ही कामे नॉबला हात न लावता मिडीच्या, म्हणजे वाद्ये व यंत्रे यांना जोडणाऱ्या प्रमाणित संकेतपद्धतीच्या, संदेशांकडून करवून घेण्याची पद्धत. मिडीच्या केबलमधून गिटारचा सिग्नल जात नाही. तिच्यातून आकडे जातात, आणि ते वाचून समोरचे यंत्र स्वतःचा आवाज बदलते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

सीक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ व रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी आकाराला आले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवण्यात आले. सारी आखणी कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. त्यामुळे आवाजासाठी ७ हा कंट्रोलर क्रमांक आणि वादनातल्या चढउतारासाठी, म्हणजे एक्स्प्रेशनसाठी, ११ हा क्रमांक नेमून दिलेला आहे; गेनसाठी मात्र एकही नाही. गेनचा क्रमांक प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो किंवा वादकावर सोडतो. २० ते ३१ आणि १०२ ते ११९ हे क्रमांक कशालाच बांधलेले नसल्याने पुष्कळ जण त्यांतलाच एखादा घेतात.

आवाज मध्यावर आणण्याची आज्ञा प्रत्यक्षात अशी असते : १७६, ७, ६४. पहिला आकडा ‘पहिल्या चॅनेलवर कंट्रोल चेंज’ असे सांगतो, दुसरा कंट्रोलर कोणता ते, आणि तिसरा त्याची किंमत. सेकंदाला ३१,२५० बिट या मूळ वेगाने हे तीन आकडे पोहोचायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. पेडल दाबल्यावर आवाज उशिरा बदलल्यासारखा वाटला, तर एका आज्ञेच्या या प्रवासाला दोष देण्यात अर्थ नसतो.

आज्ञा पोहोचल्यावर यंत्रात काय घडते, ते त्याच्या बांधणीवर अवलंबून असते. डिजिटल प्रोसेसरमध्ये सिग्नलच्या प्रत्येक नमुन्याला एका संख्येने गुणले जाते. ॲनालॉग उपकरणात डिजिटल पोटेन्शिओमीटर, व्होल्टेजवर चालणारा ॲम्प्लिफायर, नाहीतर एलईडी आणि प्रकाशाने रोध बदलणारा घटक यांची बंद डबीतली जोडी वापरतात. ही जोडी थोडी सावकाश बदलते आणि त्यामुळेच तिचा उतार गुळगुळीत ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमधले व्होल्टेज नेहमीच्या डिजिटल पोटेन्शिओमीटरला सोसत नाही, हेही तिच्या वापराचे एक कारण आहे. एडीए कंपनीच्या एमपी-१ या १९८७ च्या प्रीॲम्पमध्ये नाद ॲनालॉग होता, पण गेनसकट सगळ्या मांडण्या स्मृतीत साठत आणि मिडीच्या प्रोग्रॅम चेंज संदेशाने परत येत. मार्शलचा जेएमपी-१ हा १९९२ मध्ये त्याच वाटेने आला.

खरा कस लागतो तो आज्ञा सिग्नलच्या साखळीत कुठे लागू करायची हे ठरवताना. डिस्टॉर्शनच्या आधी सिग्नल कमी केला तर आवाजाचा पोतच बदलतो : गुरगुरणारी गिटार स्वच्छ होते, आणि आवाज त्या मानाने फारसा पडत नाही. डिस्टॉर्शननंतर कमी केला तर पोत तोच राहतो, गिटार फक्त मागे सरकते. गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब पहिल्या जागी असतो, म्हणून तो नावाने आवाजाचा आणि कामाने बराचसा गेनचा नॉब आहे. सोलोच्या वेळी गेन वाढवण्याची सवय सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. सिग्नल आधीच छाटला जात असेल तर जादा गेनने तो मोठा होत नाही. तो दाबला जातो, गुणगुण वाढते आणि गिटार ड्रम व बासमध्ये बुडते. सोलोला हवे असतात ते डिस्टॉर्शननंतरचे तीन-चार डेसिबल. एकच पेडल दोन ठिकाणी उलट दिशेने जोडणे ही मिडीची सर्वांत उपयोगी करामत म्हणावी लागेल : टाच खाली जाताना गेन उतरतो आणि त्याच वेळी नंतरचा आवाज थोडा चढतो, त्यामुळे स्वच्छ स्वर दुबळा वाटत नाही.

पेडलचा प्रकारही पाहावा लागतो. व्हॉल्यूम पेडलमधून गिटारचा सिग्नल स्वतः जातो. एक्स्प्रेशन पेडल फक्त स्वतःची स्थिती कळवते आणि मिडी कंट्रोलर त्या स्थितीचा आकडा करतो.

आकडे ० ते १२७ एवढेच, म्हणजे १२८ पायऱ्या. त्या सरळ प्रमाणात वापरल्या तर १ वरून २ वर जाताना आवाज सहा डेसिबलनी उसळतो आणि १२६ वरून १२७ वर गेल्याचे कानाला कळतही नाही. त्यासाठी वक्र लागतो. जनरल मिडीच्या शिफारशीतल्या सूत्राने ६४ या किमतीला आवाज कमालपेक्षा सुमारे १२ डेसिबल खाली येतो, आणि पायाखाली हा वक्र स्वाभाविक वाटतो. पायऱ्या उघड्या राहिल्या तर लांबलेल्या स्वरावर चेन ओढल्यासारखी करकर ऐकू येते. चांगली यंत्रे दोन किमतींमधले अंतर स्वतः भरून काढतात. दोन कंट्रोलर जोडून १४ बिटांची, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची सोय मूळ मिडीतही आहे. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये कंट्रोलरची किंमत ३२ बिटांची झाली.

रंगमंचावरचा नेहमीचा त्रास वेगळाच असतो. प्रीसेट, म्हणजे साठवलेली मांडणी, बदलला की यंत्र साठवलेली किंमत लावते, पण पेडल आधीच्याच जागी असते; पाय हलताच आवाज झेप घेतो. प्रीसेट लागताच पेडलची चालू स्थिती वाचण्याची सोय यंत्रात असेल तर ती सुरू ठेवावी. संगणकावरचा ट्रॅक गेन चालवत असेल, तर गाणे मधूनच सुरू केल्यावर आधीची आज्ञा पाठवली जाते का, तेही तपासावे. पेडलची वरची-खालची मर्यादा घरी एकट्याने वाजवताना ठरवू नये. ती पूर्ण बँड वाजत असताना, कार्यक्रमातल्या आवाजाच्या पातळीवरच ठरवावी.