वऱ्हाडातील पानपिंपळी : औषधी परंपरा, व्यापार आणि पानमळ्यांचा इतिहास

प्रस्तावना :

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी शेंदूरजनाघाटापासून पश्चिमेस अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत विहीर बागायतीचा पट्टा आढळतो. शेंदूरजनाघाट व वरुड परिसर संत्रा आणि संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. अंजनगाव सुर्जी व अकोट भागात त्याच बागायतीने पानमळे व पानपिंपळी यांना आधार दिला. पिंपळी, अर्थात लेंडी पिंपळी, ही मूळची उष्ण व दमट वनांतील झुडपी वेल होय. सह्याद्रीत व ईशान्य भारतात ती नैसर्गिकरीत्या वाढते. मग कडक उन्हाळ्याच्या वऱ्हाडात तिची शेती कशी टिकली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

आयुर्वेदातील स्थान :

सुंठ, मिरी व पिंपळी मिळून 'त्रिकटू' होते. श्वास, कास, मंदाग्नी व जीर्णज्वर यांवर पिंपळी सांगितली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'वर्धमान पिप्पली' हा रसायनप्रयोग येतो. त्यात दररोज दहा पिंपळ्या वाढवीत शंभरापर्यंत जावयाचे व त्याच क्रमाने उतरावयाचे असते. अशा एका प्रयोगास एकूण १००० फळे लागतात. विमानस्थानात मात्र पिंपळी, क्षार व लवण यांच्या अतिसेवनाविरुद्ध इशारा आहे. म्हणजे तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंची जाण प्राचीन वैद्यांना होती. एका प्रयोगाला हजार फळे लागत असतील, तर या औषधामागे वेचणी, वाळवणी व वाहतूक करणारी माणसे उभी होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

प्राचीन व्यापार :

ग्रीक 'पेपेरी' व लॅटिन 'पिपेर' या शब्दांचे मूळ संस्कृत 'पिप्पली'त आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात पिंपळीचा उल्लेख आहे. याच बंदराकडे पैठण व तेर येथूनही माल जात असे. रोमन लेखक प्लिनी याने पौंडामागे पिंपळीचा भाव १५ दिनार, तर काळ्या मिरीचा ४ दिनार नोंदविला आहे. पुढे मिरीचा व्यापार वाढला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत मिरची आली. स्वयंपाकघरातील पिंपळीचे महत्त्व ओसरले. वैद्यांच्या औषधांत मात्र ते कायम राहिले.

वऱ्हाडातील पानमळे :

वऱ्हाडात हे पीक प्रामुख्याने बारी समाजाने जोपासले. नागवेल व पिंपळी एकाच कुळातील असून दोहोंनाही सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो. नागवेलीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले कौशल्य पिंपळीलाही उपयोगी पडले. शेवरी, पांगारा यांची दाट लागवड करून सावली धरावयाची, वारंवार पाणी देऊन गारवा राखावयाचा, अशी ही पद्धत आहे. दमट वनाची परिस्थिती मळ्यात हातांनी निर्माण केली जाते. फळे एकाच वेळी तयार होत नसल्याने वेचणी हातानेच व अनेकदा करावी लागते. हिरवी पक्व फळे उन्हात वाळविली की काळपट होतात. मुळेही 'पिंपळमूळ' म्हणून विकली जातात.

या शेतीचा दुसरा आधार भूजलाचा आहे. सातपुड्यातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या व वाळूच्या थरांत गोडे पाणी मुरते. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा लागतो. पानमळे पायथ्याच्या गावांतच का वाढले, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे मिळते.

आधुनिक संशोधन :

मिरीतील 'पायपरीन' हे द्रव्य १८१९ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी वेगळे केले. तेच पिंपळीतही आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७९ मध्ये त्रिकटूच्या आधारे असे मांडले की, पायपरीनमुळे इतर औषधांचे शरीरातील शोषण वाढते. या संशोधनातून २००९ मध्ये क्षयरोगावरील एक संयुक्त औषध बाजारात आले. त्यात रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमपर्यंत कमी करण्यात आली होती.

निष्कर्ष :

१. पिंपळीचा इतिहास केवळ ग्रंथ व प्रयोगशाळा यांवरून लिहिल्यास तो अपुरा राहतो. ती पिकविणाऱ्यांचे ज्ञान हा त्याचा आवश्यक भाग आहे.

२. वऱ्हाडातील पिंपळी ही निसर्गाची देणगी नसून कष्टांची व कौशल्याची निर्मिती आहे. सूत्रे ग्रंथांत सुरक्षित आहेत. मळ्याचे ज्ञान मात्र बव्हंशी कुटुंबांत, मौखिक स्वरूपात आहे. पुढची पिढी मळ्याबाहेर पडली, तर ते लोपण्याचा धोका आहे.

३. वरुड तालुक्यात संत्र्यासाठी झालेल्या भूजलाच्या अतिउपशाचा अनुभव पाहता, पायथ्याच्या पाण्याचे रक्षण हा या पिकाच्याही अस्तित्वाचा प्रश्न आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी वृद्ध मळेकऱ्यांच्या मुलाखती, मळ्यांची मोजमापे व जुनी खातेबुके यांचे संकलन संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे.