हप्त्यातली माणसं

1836 साली लंडनच्या चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांना मुळात चित्रं विकायची होती. रॉबर्ट सेमूर या नावाजलेल्या चित्रकाराने शिकारीची हौस असणाऱ्या शहरी बाबूंची फजिती रेखाटायची आणि चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सने सोबत मजकूर भरायचा, असा व्यवहार. महिन्याला एक अंक, किंमत एक शिलिंग. दुसऱ्या अंकाचं काम चालू असतानाच सेमूरने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि भरताडाचा मजकूर हीच मुख्य वस्तू झाली.

चौथ्या अंकात सरायच्या अंगणात बूट पुसणारा सॅम वेलर आला. वाचक त्याच्यावर असे खूश झाले, की पुढच्याच अंकात गोष्टीचे नायक पिकविकसाहेब यांनी त्याला नोकरीवर ठेवलं. पहिल्या अंकाच्या जेमतेम चारशे प्रती बांधल्या होत्या. शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. मधल्या काळात पिकविकही पालटला. सुरुवातीचा हास्यास्पद गृहस्थ शेवटी आदरणीय म्हातारा होतो. यावर आक्षेप आले तेव्हा, माणसाची चांगली बाजू ओळख वाढल्यावरच कळते, असा बचाव डिकन्सने 1847च्या प्रस्तावनेत केला. बचाव झकास, पण पश्चातबुद्धीचा.

पात्रं हातची निसटतात, असं लेखक मोठ्या कौतुकाने सांगतात. हप्त्यांच्या धंद्यात त्यात गूढ फारसं नव्हतं. अर्धी गोष्ट छापून विकली गेलेली आणि उरलेली अर्धी लिहायचीच असायची. मधल्या फटीतून कोणीही आत शिरे. 

‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये या फटीतून थेट वकील शिरला.

डिसेंबर 1849च्या अंकात मिस माउचर अवतरली: बुटकी, तोंडाळ, बड्या लोकांचे केस आणि नखं नीटनेटकी करत फिरणारी. तिच्या हातून पुढे काहीतरी वाईट घडवायचा डिकन्सचा बेत होता. अंक वाचून त्याची एक शेजारीण हादरली. तीही ठेंगणी, तीही हातापायांच्या नखांचीच कामं करणारी. तिने डिकन्सला पत्र लिहिलं, वकिलालाही मध्ये घातलं. तिच्या काही लकबी उचलल्याचं डिकन्सने कबूल केलं आणि पात्राला वेगळं वळण द्यायचं वचन दिलं.

छापलेला अंक माघारी घेता येत नव्हता, म्हणून डागडुजी पुढच्या मजकुरातच करायची होती. मार्च 1850च्या अंकात डेव्हिड दार उघडतो, तर बाहेर फक्त एक भलीमोठी छत्री चालताना दिसते. छत्रीखाली माउचर. स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून ती सांगते, की डेव्हिडचा मित्र स्टिअरफर्थ याने तिलाही फसवलं. आणि शरीराच्या उणिवेवरून मनाची पारख करू नकोस, असं डेव्हिडला बजावते. ती बोलते डेव्हिडशी, पण ऐकायचं असतं शेजारणीने. तिचं आधीचं खट्याळ बोलणं इथे एकदम आटतं. सांधा दिसतो तो इथेच.

डिकन्स तेवढ्यावर थांबला नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या अंकात स्टिअरफर्थचा लबाड नोकर लिटिमर केसांचा टोप घालून पळत असतो. माउचर त्याला रस्त्यात ओळखते, त्याच्या पायांत शिरून त्याला पाडते आणि घट्ट धरून ठेवते. तो तिचं तोंड फोडतो तरी ती सोडत नाही. पोलिसांना अखेर दोघांना एकत्रच उचलून न्यावं लागतं.