गिलाव्यावरील जोडणी

इमारतीच्या बाहेरील, गिलावा केलेल्या भिंतीवर दिवे, एसीचे ब्रॅकेट, पावसाळी पाइप, पत्र्याची शेड इत्यादी पक्के बसवण्याचे काम. महाराष्ट्रात बाहेरचा सिमेंट गिलावा बहुधा दोन थरांत, एकूण सुमारे २० मिमी. जाडीचा करतात. तो भिंतीला पावसापासून राखतो. वजन पेलणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे स्क्रूची पकड मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्येच हवी. आखूड गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात घालायची, फुगणारी खुंटी) गिलाव्यातच फुगते आणि स्क्रू आवळताना पोपडा सुटतो.

भोक पाडण्याआधी भिंत ठोकून पाहावी. आवाज बद्द आला, तर गिलावा आतून सुटलेला असतो आणि त्याची दुरुस्ती आधी करावी लागते. पुढचे ड्रिलची भुकटी सांगते : तांबडी म्हणजे वीट, करडी आणि ड्रिल सहज आत गेले तर विटांमधला सांधा, अडले तर काँक्रीट, पांढुरकी, मऊ भुकटी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची. सांधा लागल्यास जागा बदललेली बरी. एएसी ब्लॉक ठोक्याने भुगा होतो. तिथे हॅमर बंद ठेवून नुसते फिरते ड्रिल वापरावे व त्या ब्लॉकसाठीचीच लांब नायलॉन गिट्टी घालावी. भोकातली भुकटी फुंकून काढणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम.

गिट्टीची कल्पना जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराची. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची मोडतोड न करता विजेची जोडणी करण्यासाठी त्याने तागाची गिट्टी काढली (१९११). जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये ती नायलॉनची केली. काँक्रीटमध्ये मात्र लोखंडी अँकर फास्टनर चांगला.

ब्रॅकेटवरील वजन वरच्या बोल्टना भिंतीबाहेर ओढते. ३६ किग्रॅ.चे यंत्र भिंतीपासून २५ सेंमी.वर असेल आणि वरच्या-खालच्या बोल्टमध्ये ३० सेंमी. अंतर असेल, तर वरच्या बोल्टवरील एकूण ओढ सुमारे ३० किग्रॅ. भरते, कंपनांचा ताण वेगळाच.

पाणी आत शिरू नये म्हणून भोक आतल्या बाजूला किंचित चढते ठेवावे आणि स्क्रू घालण्यापूर्वी त्यात सीलंट भरावे. ब्रॅकेटच्या पट्टीच्या वरच्या व बाजूच्या कडा बुजवून खालची उघडी ठेवावी, म्हणजे शिरलेले पाणी बाहेर पडते. कोकण किनाऱ्यावर साधे स्क्रू लवकर गंजतात. तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या ठिसूळ भिंतींत फुगणारी गिट्टी धरत नाही. जड वस्तूसाठी आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी द्यावी लागते.