स्वस्त सीटची खरी किंमत: कोपरगावचा टांगा ते शिंगणापूरचा लटकू

शिर्डीत दर्शन करून बाहेर आलात की पहिली हाक कोणती ऐकू येते? ‘शिंगणापूर, शिंगणापूर, एकच सीट!’ आज त्या हाकेमागचा इतिहास बघू.

1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. ती नगरहून कोपरगावला गेली, शिर्डीला नाही. त्यामुळे साईबाबांच्या हयातीत, म्हणजे 1918 पर्यंत, मुंबईचा भक्त कोपरगावला उतरायचा आणि पुढचे पंधराएक किलोमीटर टांग्याने जायचा. 2009 मध्ये साईनगर शिर्डी स्टेशन झालं, 2017 मध्ये काकडीला विमानतळ आलं. पण शेवटचा टप्पा काही संपला नाही. स्टेशन ते मंदिर, विमानतळ ते हॉटेल, शिर्डी ते शिंगणापूर. फसवणूक होते ती इथेच, कारण इथला भाव दोघांपैकी एकालाच माहीत असतो.

ही गोष्ट जुनीच आहे. मुंबईत भाड्याच्या गाड्यांसाठी 1863 मध्येच कायदा करावा लागला होता. आज 1988 चा मोटार वाहन कायदा आहे. प्रवासी भाड्याने न्यायचे तर परमिट लागतं.

आता शिंगणापूर. घरांना दारं नाहीत म्हणून जगभर नाव. 2011 मध्ये युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली. आणि याच गावाच्या वाटेवर एक शब्द रुळला: लटकू. म्हणजे भाविकांच्या गाडीला लटकून तिला ठरलेल्या दुकानाकडे वळवणारा. सीट स्वस्त असते, कारण उरलेली कमाई दुकानातल्या कमिशनमधून होते. तेल, रुईच्या पानांचा हार, पूजेचं ताट हातात देतात. ‘पैसे नंतर द्या हो!’ आणि नंतर बिल बघून डोळे पांढरे होतात.

सगळेच ड्रायव्हर असे नसतात. उलट यात मरतो तो प्रामाणिक ड्रायव्हरच. तो खरं भाडं सांगतो आणि आपल्याला तोच महाग वाटतो.

म्हणून बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. भाडं सीटचं की पूर्ण गाडीचं? जाऊन-येऊन, पार्किंग धरून किती? गाडी थेट देवस्थानच्या पार्किंगला लागणार ना? पिवळी नंबरप्लेट बघा, फोटो काढून घरी पाठवा. पूजेच्या ताटाला हात लावण्याआधी भाव विचारा. दमदाटी झाली तर 112 लावा. आणि घाई नसेल तर आपली एसटी आहेच, तिथे तिकिटावर भाडं छापलेलं असतं.

भेटू पुढच्या भागात!