बारूद, टोपी आणि गद्दारीचा शिक्का

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस सर्वसामान्य लोकांसाठी उघडतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. एरवी तो लष्कराच्या ताब्यात असतो. मागच्या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन बर्डीवर गेलो होतो. किल्ल्यात नवगजा पीर म्हणून ओळखली जाणारी मजार आहे. ती नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांची असल्याचे सांगितले जाते. १८५७ मध्ये याच किल्ल्यावर त्यांना फाशी देण्यात आली. मुलांनी फातिहा पढला. उतरताना एका मुलाने विचारले, "सर, दिल्लीत हकीमने बारूदखाना उडवला नसता तर आपण जिंकलो असतो का?"

हा प्रश्न त्याने बहुधा मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओतून उचलला असावा. पण प्रश्न नवा नाही. आपल्या समाजात पराभवाचा इतिहास सांगताना एक गद्दार लागतोच. प्लासीला मीर जाफर, श्रीरंगपट्टणला मीर सादिक आणि दिल्लीला हकीम अहसनुल्लाह खान. नाव सापडले की चर्चा संपते. मला मात्र त्या दिवशी वाटले, चर्चा तिथेच सुरू व्हायला हवी.

७ ऑगस्टचा स्फोट

दिल्लीच्या चुडीवालान मोहल्ल्यात बंडवाल्यांनी बारूद बनवण्याचा कारखाना सुरू केला होता. ७ ऑगस्ट १८५७ रोजी त्यात प्रचंड स्फोट झाला आणि शेकडो कामगार जागीच मेले. शिपाई चिडले. त्यांनी बादशहाचे वजीर आणि वैद्य हकीम अहसनुल्लाह खान यांच्यावर संशय घेतला, त्यांची हवेली लुटली आणि जाळली. बहादुरशाह जफर यांनी मधे पडून हकीमसाहेबांचा जीव वाचवला. मिर्झा गालिब हे हकीमसाहेबांचे स्नेही. त्या दिवसांविषयी त्यांनी फारसीत लिहिलेल्या 'दस्तंबू'मध्ये या लुटीची नोंद आहे.

हकीमसाहेबांचे इंग्रजांशी संधान होते हे खरे. पुढे १८५८ मध्ये लाल किल्ल्यात बादशहावर खटला चालला, तेव्हा ते सरकारपक्षाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्यांचा बचाव करण्याचे मला काही कारण नाही. पण स्फोट त्यांनी घडवून आणला याचा पुरावा पुढे आला नाही. बारूद ही वस्तू अशी आहे की ती उडायला गद्दाराची गरज लागत नाही. दाट वस्तीतली हवेली, घाईघाईने जमवलेले मजूर, रात्रंदिवस चाललेले काम आणि कोरडा कोळसा. एक ठिणगी पुरते.

मग खरा प्रश्न असा पडतो की, दिल्लीत चाळीस हजार शिपायांची भाषा बोलली जात असताना शहराच्या ऐन वस्तीत हाताने बारूद कुटण्याची वेळ का आली?

चार वस्तू, चार वाटा

त्या काळची बंदूक एकदा झाडायची तर चार वस्तू लागत. बारूद, शिशाची गोळी, कागदी पुडी म्हणजे काडतूस, आणि चाप ओढल्यावर ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी. आपल्या विदर्भात, विशेषतः गडचिरोलीकडे, 'भरमार' बंदूक म्हणतात ती याच घराण्यातली. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची.

यातली बारूद पुन्हा तीन वस्तूंची बनते. सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा, म्हणजे उर्दूतला शोरा, आपल्याकडे मुबलक. बिहार, अवध, पंजाबच्या खाऱ्या मातीतून नोनिया समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या तो काढत आले. युरोपातल्या कितीतरी लढाया बिहारच्या सोऱ्यावर लढल्या गेल्या. कोळसा तर कुठेही मिळतो. पण गंधक हिंदुस्थानात फारसे निघत नाही. ते समुद्रमार्गे येई. शिसेही बव्हंशी बाहेरूनच येई. आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही बंदरे शेवटपर्यंत इंग्रजांच्या हातात राहिली.

टोपीची गोष्ट आणखी निराळी. तिच्या पोटात पाऱ्यापासून तयार होणारे एक अतिशय नाजूक स्फोटक असे. त्याला रसायनशास्त्र लागते, यंत्र लागते, शिकलेला कारागीर लागतो. लोहार आणि आतशबाज कितीही हुशार असले तरी मोहल्ल्यात बसून हे जमणारे नव्हते. कंपनीच्या फौजेत चकमकीच्या बंदुका मागे पडून टोपीच्या बंदुका आल्या, त्याला १८५७ मध्ये जेमतेम दीड दशक झाले होते. शिपायाच्या हाती नवी बंदूक आली, पण तिचा प्राण असलेली टोपी मात्र कंपनीच्या कोठारातूनच मिळे. बंड करताना शिपायाने बंदूक बरोबर आणली. टोपीचा कारखाना त्याला आणता आला नाही.

आजही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकेत काही हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी जपून ठेवतात आणि पुन्हा भरून वापरतात. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, तिथल्या दुकानांतून प्रायमर गायब झाले. प्रायमर म्हणजे त्या जुन्या टोपीचाच वारस. पितळ होते, गोळ्या ओतता येत होत्या, पण बोटाच्या नखाएवढ्या त्या वस्तूवाचून सारे अडले. तिथे लोकांचा छंद अडला. १८५७ मध्ये एक राज्य अडले.

दारूगोळा कुठे गेला?

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत पोहोचले. त्या बंडाची सुरुवातही काडतुसावरूनच झाली होती. मेरठच्या तिसऱ्या रिसाल्यातल्या ८५ स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला आणि त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या. त्यांत निम्म्याहून अधिक मुसलमान होते, बाकीचे हिंदू. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ मोठे शस्त्रागार होते. लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या साथीदारांनी ते हातचे जाते आहे असे दिसताच त्याला बत्ती दिली. तरीही तोफा आणि गोळे बऱ्याच प्रमाणात शिपायांच्या हाती लागले. शहराबाहेरचा बारूदसाठाही इंग्रजांच्या हातून गेला, पण त्या पहिल्या गोंधळाच्या दिवसांत त्याची लूट झाली. हिशेब ठेवणारे कोणी नव्हते.

त्या चार महिन्यांतली दिल्लीची कागदपत्रे आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बरीचशी शिकस्ता उर्दूत. महमूद फारूकी यांनी त्यांतून निवड करून 'बिसीज्ड' हा ग्रंथ तयार केला. मी उर्दू शिकवतो, म्हणून ही कागदपत्रे मला जास्त बोलकी वाटतात. त्यांत घोषणा कमी आणि मागण्या जास्त आहेत. मजूर पाठवा, गाड्या पाठवा, पोती पाठवा. कोतवाल बिचारा सगळ्यांना पुरता पडत नाही. मजुरांना मजुरी मिळत नाही, शिपायांना पगार मिळत नाही. आपण ज्याला बंड म्हणून वाचतो, ते जवळून पाहिले तर पुरवठ्याची रोजची ओढाताण होती.

पुढे टोप्या संपत गेल्या तशी काही ठिकाणी तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीवर चालणारी जुनी बंदूक, पुन्हा बाहेर निघाली. तारखात्याचा प्रमुख ओशॉनेसी याने नोंदवले आहे की, बंडवाल्यांनी तारायंत्राच्या तारा कापून त्यांच्या गोळ्या केल्या आणि खांबांचे लोखंडी बूड पोखरून त्याच्या तोफा बनवल्या. ज्या तारेने इंग्रजांना बंडाची खबर दिली, तीच तार बंदुकीत भरून त्यांच्यावर झाडली गेली. ही कल्पकता कुठल्याही पाठ्यपुस्तकात यायला हवी. पण तारेचा तुकडा काही सरळ जात नाही.

टंचाई दोन्हीकडे होती

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. टंचाई फक्त आपल्याकडे नव्हती. दिल्लीबाहेरच्या टेकडीवर तळ ठोकून बसलेल्या इंग्रजांकडेही मोठ्या तोफांचे गोळे नव्हते. शहरातून येऊन पडलेले गोळे वेचून आणणाऱ्या नोकरांना ते बक्षीस देत आणि तेच गोळे परत शहरावर डागत. जून-जुलैमध्ये दोन्ही बाजू एकमेकांचे उष्टे खात होत्या म्हणा ना.

फरक पडला तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पंजाबातून हत्ती आणि बैलगाड्यांची लांबलचक रांग अवजड तोफा आणि दारूगोळा घेऊन टेकडीवर पोहोचली. १४ सप्टेंबरला हल्ला झाला आणि २० तारखेला दिल्ली पडली. इंग्रजांची टंचाई तात्पुरती होती, कारण त्यांच्यामागे रस्ता होता, कोठार होते, बंदर होते आणि पैसा होता. दिल्लीची टंचाई दर दिवशी वाढणारी होती. यात नेतृत्वातल्या भांडणांचा वाटा आहे, अन्नाच्या तुटवड्याचा आहे, फितुरीचाही आहे. पण सारे खापर एका हकीमावर फोडले की बाकी काही शिकायचे उरत नाही.

इंग्रज मात्र शिकले. १८५७ नंतर त्यांनी तोफखाना जवळपास पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती ठेवला. देशी पलटणींना एक पिढी जुन्या बंदुका दिल्या. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला काडतुसांचा कारखाना निघाला, तो सरकारी ताब्यात. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदुस्थानी माणसाच्या घरातली बंदूक परवान्याखाली आणली. गद्दार शोधण्यात त्यांनी वेळ घालवला नाही, कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहिले.

नागपूरचा धागा

नागपूरचे राज्य इंग्रजांनी तिसऱ्या रघूजींच्या मृत्यूनंतर खालसा केले होते. १८५७ मध्ये टाकळीला घोडदळ होते, कामठीला मद्रासी फौजेची छावणी आणि बर्डीला तोफा-दारूगोळ्याचा साठा. १३ जूनच्या रात्री उठावाचा बेत ठरला. शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडून इशारा द्यायचा होता. पण त्याआधीच पायदळाला उठवायला गेलेला माणूस पकडला गेला आणि बेत फसला. बर्डीचा साठा इंग्रजांकडेच राहिला. त्याच बर्डीवर मग फाशी दिली गेली.

याच टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई शर्थीने लढले होते. तेव्हाही त्यांच्या दारूगोळ्याच्या एका गाडीचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि इंग्रजांनी ती संधी साधली. दिल्लीच्या चाळीस वर्षे आधी नागपूरने तोच धडा पाहिला होता.

१९६२ च्या चीन युद्धानंतर त्या दशकात भंडारा, अंबाझरी आणि चांदा इथे आयुध निर्माणी उभ्या राहिल्या. समुद्रापासून आणि सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर. आज एका कारखान्यात तोफगोळ्याचे धातूचे अंग घडते, दुसऱ्यात त्याला ढकलणारी दारू, तिसऱ्यात तो भरला जातो. ज्या वस्तूंवाचून दिल्ली अडली, त्या आता आपल्या विदर्भात बनतात.

आणि किंमत? २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांतल्या सहा महिला होत्या. या कामगारांची नावे निदान वर्तमानपत्रात छापून आली. चुडीवालानमध्ये गेलेल्या शेकडोंची नावे आपल्याला कोणी शिकवली नाहीत. ते हिंदू होते की मुसलमान, कोणी विचारतही नाही. हकीमाचे नाव मात्र आठवीतल्या मुलाला पाठ आहे.

त्या मुलाला मी म्हणालो, "बारूदखाना उडाला नसता तर दिल्ली कदाचित आणखी काही दिवस लढली असती. पण गंधक कुठून आणले असते आणि टोप्या कुठून?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे सर, गद्दार नव्हताच का कोणी?" होते. पण गद्दार हा शब्द आपल्यावर किती सहज फेकला जातो, हे नागपूरच्या मुसलमान पोराला मी वेगळे सांगायला नको. जो शब्द पुराव्याशिवाय आपल्याला लावलेला आवडत नाही, तो आपणही दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पुराव्याशिवाय लावू नये.

सोमवारी वर्गात मी मुलांना गृहपाठ दिला. १८५७ मधली एक गोळी झाडायला काय काय लागत होते, ते कुठून येत होते आणि ते कोण बनवत होते, याची यादी करा. तिसऱ्या रकान्यात बहुतेकांनी 'कंपनी' लिहिले. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिले होते, 'मजूर'. पुढच्या २६ जानेवारीला बर्डीवर जाऊ, तेव्हा फातिहा त्यांच्यासाठीही पढायचा असे आम्ही ठरवले आहे.