जॉबवर्क : कारखान्यातले काम बाहेर देणे

गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग किंवा यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने आपला माल देऊन त्यावरची एखादी प्रक्रिया दुसऱ्या कारखान्याकडून मजुरीवर करून घेणे, याला जॉबवर्क म्हणतात. मालाची मालकी देणाऱ्याकडेच राहते. तयार भाग मालासकट विकत घेणे हा वेगळा व्यवहार. बोलण्यात मात्र दोन्हींना ‘बाहेरून करून घेतले’ असेच म्हणतात. काय बाहेर द्यायचे आणि काय आत ठेवायचे, हे वर्षभर एकच वस्तू काढणाऱ्या कारखान्याला बरेचसे एकदाच ठरवता येते. ऑर्डरीवर चालणाऱ्याला ते दर ऑर्डरीला ठरवावे लागते, कारण पुढच्या महिन्यात कोणते मशीन भरलेले असेल आणि कोणते उभे, हे त्याला आज माहीत नसते.

१९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा हा पर्याय फारसा नव्हताच. काम द्यावे असे कोणी जवळ नव्हते, म्हणून ओतकामापासून सारे आतच करावे लागे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, कोल्हापूरजवळची शिरोली अशा वसाहतींत टर्निंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग करणारे छोटे कारखाने एकमेकांच्या शेजारी आले. त्यामुळे एकाच जॉबचे भोसरीतले उत्तर आणि आडबाजूच्या तालुक्यातले उत्तर वेगळे निघते, आणि दोन्ही बरोबर असतात. अर्थशास्त्रात ‘आत की बाहेर’ या प्रश्नाची मांडणी रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या लेखात केली. काम बाहेर देताना माणूस शोधणे, दर ठरवणे, कामावर लक्ष ठेवणे यालाही खर्च येतो. हा खर्च आतल्या व्यवस्थापनाच्या खर्चाहून जास्त झाला की काम आत येते. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी एकाच गिऱ्हाइकापुरत्या उपयोगी पडणाऱ्या गुंतवणुकीचा पेच दाखवला : ती झाली की दोघे एकमेकांच्या हातात अडकतात. कोस यांना १९९१ मध्ये आणि विल्यमसन यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कारखानदार हाच पेच फिक्श्चरपुरता सोडवतो. फिक्श्चर, गेज, पॅटर्न स्वतःच्या खर्चाने करून घेतले की वेंडर बदलायची मोकळीक राहते. ते पैसे वाचवू नयेत.

सगळ्यात जास्त चूक दराच्या तुलनेत होते. समजा, एका मिलिंगच्या कामाला बाहेर ३०० रुपये पडतात. आपल्याकडे त्याला अर्धा तास लागतो आणि मशीनचा ताशी दर ८०० रुपये धरलेला आहे. म्हणजे आत ४०० रुपये. काम बाहेर जाते. पण त्या ८०० पैकी ५०० रुपये हप्ता, भाडे आणि सुपरवायझरचा पगार यांचे असतील, तर ते काम बाहेर दिले म्हणून थांबत नाहीत. वाचतात ते तासाचे ३००, म्हणजे या जॉबवर दीडशेच. मशीन उभे असताना हे काम बाहेर देणारा दर नगामागे दीडशे रुपये गमावतो. मशीन भरलेले असेल तर हिशेब उलटतो : त्या अर्ध्या तासात दुसरा जॉब किती कमवून देतो, हे पाहावे लागते. ताशी दर कोटेशनसाठी ठीक आहे, या निर्णयासाठी नाही.

निर्णय भागाचा नव्हे, प्रक्रियेचा घ्यावा. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे उदाहरण घेऊ : टर्निंग, स्प्लाइन, केस हार्डनिंग, शेवटी ग्राइंडिंग. हार्डनिंगची भट्टी एका चार्जला शेकडो किलो माल घेते; दहा शाफ्टसाठी ती बसवणे परवडत नाही, म्हणून ते काम बाहेरच जाते. पण दहा शाफ्टसाठी वेगळा चार्जही कोणी लावत नाही. ते दुसऱ्याच्या मालाबरोबर घुसवले जातात. त्या मालाला १.२ मिमी केस (कार्बन चढवून कडक केलेला वरचा थर) हवी आणि आपल्याला ०.८, तर काय होईल हे सांगायला नको. शाफ्टच्या टोकाच्या आट्यांवर कार्बन चढू नये म्हणून लेप लावायचा असतो. चलनावर नुसते ‘ड्रॉइंगप्रमाणे’ लिहिले आणि ड्रॉइंग सोबत गेलेच नाही, तर आटे कडक होऊन येतात आणि नट आवळताना तुटतात. शाफ्ट वाकून आला तर भट्टीवाला टर्निंगमधल्या ताणाकडे बोट दाखवतो आणि टर्नर भट्टीकडे. वाकलेला शाफ्ट ग्राइंडिंगला घेतला की एका बाजूची केस जास्त घासली जाते आणि मापात बसलेला जॉबही आतून बाद असतो. त्यामुळे केसची खोली, कुठे कडक आणि कुठे मऊ, किती वाक चालेल हे चलनावरच लिहावे आणि त्याच स्टीलचा एक तुकडा चार्जबरोबर पाठवून कापून पाहावा. शेवटचे ग्राइंडिंग मात्र आत ठेवावे. मागच्या सगळ्यांच्या चुका तिथे उघड होतात.

त्याच कारणाने तपासणी बाहेर देऊ नये. पहिला नग, गेज आणि मापांची नोंद आपल्याकडे असली, तर चार ठिकाणी फिरून आलेल्या जॉबची जबाबदारी घेता येते. प्लेटिंग मात्र बहुतेकांनी बाहेरच ठेवावे : क्रोमियमयुक्त सांडपाणी, त्याची प्रक्रिया आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हा वेगळाच धंदा आहे. उच्च ताकदीच्या बोल्टना प्लेटिंगनंतर लगेच बेकिंग लागते, नाहीतर शिरलेल्या हायड्रोजनमुळे ते लोड आल्यावर तडकतात. ही सूचना देणे आपले काम.

२०१७ च्या जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल १ वर्षात आणि भांडवली यंत्रे ३ वर्षांत परत यावी लागतात, अन्यथा पाठवल्या दिवसापासून तो पुरवठा धरला जातो. डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल्स यांना ही मुदत नाही. पैशाची बाजू २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे : नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. बाहेरचे काम स्वस्त पडते असे म्हणणाऱ्या अनेकांच्या हिशेबात तीन-तीन महिन्यांची उधारी गृहीत धरलेली असते. त्यांनी तो हिशेब ४५ दिवसांवर पुन्हा मांडून पाहावा.